नव्या सिस्टरचं पहिलं वर्ष

नवी सिस्टर रुजू व्हायला आली, की तिच्या फाइलमधली गुणपत्रिका मी आधी बघायचे. नेमणुकीचा आदेश, नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, जातीचा दाखला, आणि तळाशी एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्रावरच्या सहायक परिचारिकेच्या, परीक्षेची गुणपत्रिका. 1994 ते 2015 मी कळमनुरी तालुक्यात आरोग्य सहायिका होते, म्हणजे एलएचव्ही. एका एलएचव्हीकडे सहा उपकेंद्रं असतात आणि त्या उपकेंद्रांवरच्या सिस्टरांचं काम बघणं हीच तिची नोकरी. गुणपत्रिका बघून मी मनात ठरवायचे, ही चालेल, हिच्यामागे फिरावं लागेल. वर्षभरानं ते ताडून बघायचे. अंदाज पुष्कळदा चुकायचा, पण दर वेळी नाही. तो कुठे चुकतो आणि कुठे बरोबर येतो हे कळायला मला बरीच वर्षं लागली. निवृत्तीनंतर नर्सिंगच्या परीक्षेचा इतिहास थोडा वाचला, तेव्हा दिसलं की परीक्षेवरून काम ओळखता येतं का, हा वाद आपल्या उपकेंद्रांपेक्षा जुना आहे.

आमच्या भागात परीक्षा फार उशिरा आली. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, ती 1903 मध्ये उठली. छावणीच्या गावातही परीक्षा उशिराच पोहोचली, तर डोंगरपट्ट्यातल्या बाईला सनद असलेली नर्स कुठून दिसणार? पुण्यात रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये सेवासदन सुरू केलं आणि विधवा बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. रोग्याला हात लावायचा, रात्रपाळी करायची, परक्या पुरुषांच्या वॉर्डात वावरायचं, हे त्या काळात एका विधवेनं करायचं म्हणजे केवढं धाडस. सावित्रीबाई फुल्यांनी त्याआधीच, 1897 च्या प्लेगात, हेच काम स्वतःच्या हातांनी केलं आणि त्याच साथीत त्या गेल्या. पुण्या-मुंबईकडे हे घडत होतं. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही निजामाच्या राज्यात. मुंबई इलाख्यात नर्स, सुइणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा 1935 मध्ये झाला. तो आमच्याकडे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता.

सगळ्या देशाचीच स्थिती बिकट होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 मध्ये, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं हिशेब मांडला तेव्हा 43 हजार माणसांमागे एक नर्स निघाली. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मोकळं झालं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला, आणि 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्यानं राज्यातल्या निरनिराळ्या कायद्यांचं एकीकरण केलं. म्हणजे कळमनुरीची नर्स आणि कुलाब्याची नर्स एकाच रजिस्टरात यायला 1966 उजाडलं. त्या रजिस्टरात नाव चढायचं तर परीक्षा पास व्हायला हवी. आपल्याकडे परवान्याची वेगळी परीक्षा नाही. अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा हीच परवान्याची परीक्षा.

तोवर बाळंतपणं कोण करत होतं? सुईण. आमच्या आळीतली सुईण मला आठवते. माझा जन्म तिच्याच हातचा, 1957 चा. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पोटावर हात ठेवला, की बाळाचं डोकं कुठे आहे ते सांगायची.

या सुईणीबद्दल दोन्ही बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही, म्हणून माझ्या पहिल्या वर्षाची एक रात्र सांगते.

1977 मध्ये एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा दीड वर्षावर आणला गेला. कर्तारसिंग समितीनं सुचवलेली बहुउद्देशीय कर्मचारी योजना आली होती. एकाच बाईनं बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन, सगळं बघायचं होतं. त्या नव्या अभ्यासक्रमातून मी पास झाले. सुईणकामाच्या पेपरात मला चांगले गुण होते. वार अडकली तर काय करावं, हा प्रश्न आला होता. मी मुद्देसूद लिहिलं होतं: वाट बघावी, रक्तस्राव बघावा, मूत्राशय रिकामं करावं, गर्भाशय कडक झालं का ते हातानं तपासावं, नाळ जोरानं ओढू नये.

1979 च्या पावसाळ्यात औंढ्याजवळच्या डोंगरपट्ट्यातल्या उपकेंद्रावर मला नेमणूक मिळाली. जिल्हा तेव्हा परभणी. त्या हिवाळ्यात एका वाडीवरून रात्री बैलगाडी आली. मी पोहोचले तेव्हा बाळ झालेलं होतं, सुईण बसलेली होती, आणि वार पडत नव्हती. मला सगळं आठवत होतं. कागदावरचा क्रमसुद्धा डोळ्यांपुढे होता. पण बाई पांढरी पडत चाललेली, कंदील धूर ओकतोय, सासू रडतेय, आणि माझे हात थरथरत होते. मी पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. बराच वेळ गेला असावा. शेवटी ती म्हातारी म्हणाली, “पोरी, हिला आधी लघवीला बसव की. फुगा भरलाय तिचा.”

बाईला दोघींनी धरून बसवलं. थोड्या वेळात वार पडली.

मूत्राशय रिकामं करावं, हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला गुण मिळाले होते. वाडीवर ते मला एका निरक्षर बाईनं सांगावं लागलं. मला त्या वेळी लाज वाटली. आज वाटते ती कृतज्ञता.

पण त्याच म्हातारीनं बाळाची नाळ विळ्यानं कापली होती आणि वर चुलीतली राख दाबली होती. त्या पट्ट्यात सातव्या-आठव्या दिवशी धडधाकट बाळ अंगावर प्यायचं सोडायचं, जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. लोक त्याला बाहेरची बाधा समजायचे. तो धनुर्वात होता, आणि विळ्यातून, राखेतून येत होता. हे त्या म्हातारीला सगळ्या आयुष्याच्या अनुभवानं कळलं नव्हतं, कारण ती नाळ कापून घरी जायची आणि बाळ मरायचं आठ दिवसांनी. मला ते कळत होतं, कारण मी ते पुस्तकात वाचलं होतं आणि त्यावर परीक्षा दिली होती. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ: या पाच गोष्टी आम्ही पाठ केल्या आणि वाड्यावाड्यांवर सुइणींना पाठ करून घेतल्या, गरोदर बायकांना टीटीची, म्हणजे धनुर्वाताच्या लशीची, इंजेक्शनं दिली. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, की भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपला. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. हजारो एएनएमच्या आयुष्याचं ते काम आहे, आणि त्याची सुरुवात पाठांतरातून झाली होती. म्हणून परीक्षेला कुणी निरुपयोगी म्हटलं, की मला ते सहन होत नाही.

हाच वाद इंग्लंडात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केवढा पेटला होता. 1887 मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली आणि मागणी केली की नर्सची परीक्षा घ्या, पास होईल तिचंच नाव सरकारी रजिस्टरात घ्या. याला विरोध केला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. आम्हा नर्सना शपथ देताना जिचं नाव घेतलं जातं तिनंच परीक्षेला विरोध केला होता, हे मला नोकरीभर कुणी सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की नर्सचं जे मुख्य, म्हणजे रोग्याकडे लक्ष, विश्वासूपणा, हळुवारपणा, ते लेखी परीक्षेत मोजता येत नाही. आणि एकदा नाव रजिस्टरात चढलं की पुढे ती बाई कशी वागते याची जबाबदारी कुणी घेत नाही.

त्यांच्याकडे परीक्षेऐवजी दुसरं साधन होतं. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1860 मध्ये त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली, तिथे प्रत्येक शिकाऊ मुलीचा दर महिन्याला एक तक्ता भरला जायचा. एका बाजूला वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. दुसऱ्या बाजूला मलमपट्टी, जळवा लावणं, एनिमा, रोग्याला कुशीवर वळवणं. प्रत्येकापुढे शेरा, उत्तम ते शून्य. मेट्रन बाई तो तक्ता भरायच्या. वर्षभर डोळ्यांसमोर काम करणाऱ्या मुलीचं मोजमाप होतं ते.

तरीही शेवटी जिंकल्या फेनविक. 1919 मध्ये इंग्लंडात नर्स नोंदणीचा कायदा झाला आणि रजिस्टर उघडलं तेव्हा पहिल्या क्रमांकावर त्यांचंच नाव लागलं. माझ्या मते त्यांचं जिंकणं योग्य होतं. मेट्रनचा शेरा मेट्रनच्या मर्जीवर असतो. गरीब घरची, खालच्या मानलेल्या जातीची, विधवा, टाकलेली मुलगी मेट्रनच्या मर्जीवर सोडली तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. परीक्षेचा कागद जात विचारत नाही. आमच्यातल्या कित्येकींना त्या कागदानंच घराबाहेर काढलं, पगार दिला, मान दिला. पण नाइटिंगेलबाईंचा तो महिन्याचा तक्ता या भांडणात हरवला, आणि तो जगात सगळीकडेच हरवला असं मला वाटतं.

आता माझ्या सहा उपकेंद्रांकडे येते.

आधी काम चांगलं म्हणजे काय ते ठरवायला हवं. 1996 पर्यंत सिस्टरचं काम मोजलं जायचं ते कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांवर. ‘किती केसेस झाल्या?’ मार्च महिना जवळ आला की बैठकीत हा एकच प्रश्न. ज्या सिस्टरचं टार्गेट पूर्ण ती चांगली. एप्रिल 1996 मध्ये केंद्र सरकारनं ती टार्गेटं बंद केली, आणि मगच आमच्या बैठकीत बाळंतपणाबद्दल नीट बोलणं सुरू झालं. त्याआधीच्या हिशेबानं माझ्याकडच्या दोन सर्वांत चांगल्या सिस्टर सगळ्यांत मागे होत्या.

मी मोजायची ती पद्धत साधी होती. रजिस्टर उघडायचं, त्यातली कुठलीही पाच नावं निवडायची आणि सिस्टरला न सांगता त्या पाच घरी जायचं. बाळाचा डावा दंड बघायचा, बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचा, व्रण आहे का. आईला विचारायचं, बाळंतपणानंतर सिस्टर घरी आली होती का, आली तर तिनं काय बघितलं. पाळण्यातलं पोर आणि त्याची आई खोटं बोलत नाहीत. रजिस्टर सुंदर आणि दंड कोरा असंही निघायचं. अक्षर वेडंवाकडं, खाडाखोड, पण पाचही दंडांवर व्रण, असंही निघायचं.

गुणपत्रिका आणि हे पाच दंड यांचा मेळ कितपत बसायचा? वरच्या टोकाला बसत नव्हता. पहिला वर्ग आणि चांगला दुसरा वर्ग यांच्यातला फरक गावात गेल्यावर मला कधी दिसला नाही. खालच्या टोकाला मात्र बसायचा. दोन-तीनदा नापास होऊन काठावर निघालेल्या मुलीकडे मी पहिले सहा महिने जास्त फेऱ्या मारायचे, आणि त्या फेऱ्या वाया गेल्या नाहीत.

अशी एक मुलगी वसमतकडची होती. तिच्या घरी हळदीची शेती. मोंढ्यातला भाव, कडता, हमाली, सगळा हिशेब तोंडी करायची. लसीकरणाच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले होते. नवजात बाळाला बीसीजीचा डोस 0.05 मिली. तिनं सिरिंज भरली ती 0.5 च्या खुणेकडे चालली होती. मी हात धरला. तिला विचारलं, तर म्हणाली, “मॅडम, टिंबानंतर पाचच तर आहे.” दशांशाच्या टिंबानंतरच्या शून्याला किंमत असते हे तिला शाळेपासून कुणी समजावलंच नव्हतं, आणि परीक्षेत ती याच गणितांमध्ये पडत होती. मी म्हटलं, रुपयात बघ. 0.05 म्हणजे पाच पैसे. 0.5 म्हणजे पन्नास पैसे. बाळाला पाच पैसे द्यायचेत. तिचा चेहरा उजळला. ती चूक तिच्या हातून पुन्हा झाली नाही. परीक्षेनं तिचा कच्चा दुवा बरोबर पकडला होता. फक्त तो कुणी दुरुस्त केला नव्हता. नापास, नापास, मग पास, एवढंच तिला कळवलं गेलं होतं.

दुसरी गोष्ट माझ्या सगळ्यांत हुशार मुलीची. शाळेत पहिली आलेली. गोवराच्या लशीची पूड द्रावणात मिसळली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची, कारण त्या कुपीत जंतू वाढले तर बाळ दगावू शकतं. हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. एका बाजाराच्या दिवशी मी तिच्या सत्राला दुपारी अचानक गेले. कुपीवर तिनं स्वतःच वेळ लिहिली होती, सकाळी 10. घड्याळात तीन वाजायला आले होते. एक आंध जमातीची बाई दूरच्या वाडीवरून पोर पाठीशी बांधून आलेली, आणि माझी हुशार मुलगी त्याच कुपीतून डोस भरत होती.

मी ती सिरिंज काढून घेतली. बाई गेल्यावर तिला विचारलं, कामून? तुला माहीत नव्हतं? ती रडायला लागली. मागच्या महिन्याच्या बैठकीत तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली होती, की तुझ्या उपकेंद्राचं लशीचं वेस्टेज जास्त आहे. एका पोरासाठी पाच डोसांची नवी कुपी फोडली तर चार वाया. पुन्हा तेच ऐकावं लागेल या भीतीनं तिनं ते केलं होतं. ज्ञानात कमी नव्हती. कीव नव्हती असंही नाही. त्या बाईला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही हेच तिच्या मनात होतं. पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं, एका बाळासाठी कुपी फोडावी लागली तर फोडली जाईल, आणि वेस्टेजच्या कागदावर माझी सही असेल. ती मुलगी पुढे माझ्या हाताखालची उत्तम सिस्टर झाली.

या दोन मुलींनंतर मी गुणपत्रिकेकडे वेगळ्या डोळ्यांनी बघू लागले. माहीत असणं आणि करणं यांच्यामध्ये एक जागा आहे. त्या जागेत भीती असते, थकवा असतो, बैठकीतला अपमान असतो, बिघडलेलं बीपी मशीन असतं, एकटेपणा असतो.

माझी मुलगी आरोग्य संशोधनात काम करते. तिनं मला जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर या अर्थशास्त्रज्ञांचं दिल्लीतलं काम वाचून दाखवलं, 2007 मध्ये छापलेलं. त्यांनी आधी डॉक्टरांना काल्पनिक रोगी देऊन विचारलं, काय कराल? मग त्यांच्याच दवाखान्यात बसून खऱ्या रोग्यांशी ते काय करतात ते बघितलं. सांगताना जेवढं येत होतं त्यापेक्षा करताना पुष्कळ कमी झालं. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ती 10 वाजता फोडलेली कुपी उभी राहिली.

दुसरा अभ्यास आमच्या जवळचा म्हणावा असा आहे. पैनगंगेपलीकडे उमरखेडला गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय आहे. त्याच गावंडे घराण्यातले अमेरिकेतले शल्यचिकित्सक अतुल गावंडे. त्यांच्या गटानं उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्य केंद्रांचा अभ्यास केला आणि त्यांतल्या निम्म्या केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाची 28 कलमी यादी नेली. नुसती भिंतीवर चिकटवली नाही; शिकलेल्या नर्स प्रशिक्षक म्हणून पाठवल्या, त्या शेजारी उभ्या राहून काम बघत आणि सुचवत. 2017 मध्ये निकाल आला. शेजारी कुणी उभं असताना नर्सनी योग्य गोष्टी कितीतरी जास्त केल्या. प्रशिक्षकांच्या फेऱ्या कमी झाल्या तसं ते प्रमाण उतरलं. आणि मातांचे, नवजात बाळांचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. हा निकाल ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होते. पण रक्त नाही, वेळेवर गाडी नाही, पुढच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया होत नाही, तर नुसत्या नर्सनं हात धुऊन किती जीव वाचतील? सिस्टरचं काम सिस्टरच्या एकटीच्या हातात कधीच नसतं. तिच्या परीक्षेवरून तिच्या कामाचं भाकीत करताना ही गोष्ट सगळे विसरतात.

अमेरिकेत जायचं तर आपल्या मुलींना एनक्लेक्स नावाची परवाना परीक्षा द्यावी लागते. ती 1994 पासून संगणकावर आहे. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. तिचा निकाल गुणांमध्ये देत नाहीत. पास किंवा नापास, एवढंच. ही बाई रोग्याजवळ जायला सुरक्षित आहे की नाही, एवढंच ती परीक्षा सांगते. कोण पहिली आणि कोण दहावी हे सांगत नाही. एप्रिल 2023 पासून त्यात एकेका रोग्याची पूर्ण गोष्ट देऊन टप्प्याटप्प्यानं निर्णय विचारतात. परीक्षा घेणाऱ्यांनाच उमगलं होतं की पाठांतर आणि प्रसंगातला निर्णय या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे मात्र काठावरची रेघ सोडून आकड्यांनाच महत्त्व आलं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांची यादी लावताना अंतिम वर्षाची टक्केवारी धरतात. अर्ध्या टक्क्यानं कुणी आत, कुणी बाहेर. त्या अर्ध्या टक्क्याचा बाळंतिणीशी काय संबंध? जिल्हा परिषदेच्या 2023 च्या भरतीत आरोग्य सेविकेच्या जागेला संगणकावर परीक्षा झाली, त्यात मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनाचे प्रश्नही होते. वशिल्यापेक्षा ही परीक्षा हजारपटीनं बरी, यात शंका नाही. पण तीत वरचा नंबर आला म्हणून वाडीवरच्या अंधारात त्या मुलीचे हात थरथरणार नाहीत, असा अर्थ कुणी काढू नये.

आणि एक दुखरी गोष्ट. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत माझ्याकडे रुजू झालेल्या आणि नंतर मला भेटलेल्या काही मुलींची केस बुकं, म्हणजे शिकताना केलेल्या कामाच्या नोंदवह्या, मी चाळली आहेत. बाळंतपणांच्या नोंदी सुरेख, तारखा, वजनं, सह्या. मग मी हळूच विचारायचे, तू स्वतः किती केलीस? काहींनी मान खाली घातली. जिथे प्रसूती कक्षात दिवसाला एक बाळंतपण आणि मुली चाळीस, तिथे एकेकीच्या हाताला काय लागणार? त्या शाळेचं नाव मी लिहीत नाही, आणि त्या मुलींचा त्यात दोष नाही. त्यांनी फी भरली होती आणि त्यांना शिकायचं होतं. पण लेखी परीक्षा एका मर्यादेपर्यंत खरी असते. खोट्या केस बुकावर दिलेल्या प्रात्यक्षिकाच्या गुणांना काहीच अर्थ उरत नाही. गुण आणि काम यांचा मेळ बसत नाही म्हणून आपण परीक्षेला नावं ठेवतो, तेव्हा परीक्षा खरंच घेतली गेली होती का, हे आधी विचारावं.

2012 च्या सुमारास एएनएमचा अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला आणि त्यातले शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे ठरले. हे चांगलं झालं. ते सहा महिने खरे असतील तिथे मुली तयार होऊन बाहेर पडतात, हे मी बघितलं आहे.

ऑक्टोबर 2024 मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. ज्या जिल्ह्यात माझ्या आईच्या पिढीनं सनद असलेली नर्स बघितली नव्हती, तिथे आता डॉक्टर शिकणार. त्या रुग्णालयात येणारी प्रत्येक अडलेली बाई आधी कुठल्या तरी उपकेंद्रावरच्या सिस्टरच्या हातून आलेली असेल. तिनं वेळेत ओळखलं आणि पाठवलं, तरच वरच्या डॉक्टरांना काही करता येईल.

म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आणि तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. परीक्षा काटेकोर घ्या, काठाची रेघ खाली आणू नका. पण पास झालेल्या मुलीला पहिल्याच दिवशी एकटीला डोंगरावरच्या उपकेंद्रात पाठवू नका. पहिलं वर्ष तिला एखाद्या जुन्या सिस्टरच्या शेजारी ठेवा आणि दर महिन्याला तिचा एक तक्ता भरा, मुलीला वाचून दाखवा, तिची सही घ्या. माझ्यासारख्या निवृत्त एलएचव्ही आणि सिस्टर जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. आम्हाला बोलवा. गाडीभाडं दिलं नाही तरी आम्ही येऊ.